हिंमतीचा रकाना

चाळिशी उलटल्यावर माणसाने नवे शौक लावून घेऊ नयेत, असं आमच्या हिचं मत आहे. जुने निस्तरण्यातच तिची वीस वर्षं गेली. त्यामुळे भाचा जेव्हा म्हणाला, "मामा, रविवारी आम्हाला एक भिडू कमी पडतोय," तेव्हा पत्तेच असणार असं धरून मी तिला न विचारता होकार देऊन बसलो. प्रत्यक्षात टेबलावर निघाले फासे. आई आतून ओरडली, "एक महाभारत झालं ते पुरे नाही का रे?"

खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी तो आणला. यातले गायगॅक्स आधी विमा कंपनीत नोकरीला होते, हे कळल्यावर मला जरा धीर आला. म्हणजे आमच्याच गोतातला माणूस! खेळ असा की, प्रत्येकाने एक पात्र तयार करायचं. एकाने सूत्रधार व्हायचं. समोर काय आहे ते सूत्रधार सांगणार, आपण काय करतो ते आपण सांगायचं आणि ते जमलं की फसलं, हे फासे ठरवणार. थोडक्यात, संसारच, फक्त दर रविवारी.

भाच्याकडे १९८१ सालची जुनी नियमावली होती. तीन फासे सहा वेळा टाकायचे आणि आकडे ओळीने लिहायचे : ताकद, बुद्धी, शहाणपण, चपळाई, चिवटपणा आणि माणसांवर पडणारी छाप. कमीत कमी तीन, जास्तीत जास्त अठरा. बुद्धी आणि शहाणपण यांना वेगवेगळे रकाने आहेत हे पाहताच माझी खात्री पटली, की नियम लिहिणाऱ्याने कचेरी पाहिलेली आहे. माझ्या छापेला सात मिळाले. चहा घेऊन आलेली ही म्हणाली, "फासे प्रामाणिक दिसतात."

मला योद्धा व्हायचं होतं. ताकद तेरा होती; ती वाढवायची तर बुद्धीचे दोन गुण मोडून ताकदीचा एक घ्यायचा, असा नियम. मुदतीआधी ठेव मोडली तर आम्हीसुद्धा इतकं कापत नाही! तरीही बुद्धी अकराची नऊ केली आणि चौदा ताकदीचा गडी झालो. शेवटी 'कल' लिहायचा होता : शिस्त, तटस्थ किंवा अनागोंदी. मुलांनी पेन्सिलीने लिहिलं. मी शाईने 'शिस्त' लिहून खाली रेघ मारली.

मग मोहीम निवडायची. एकाला 'टूम ऑफ हॉरर्स' हवी होती. ती १९७८ साली छापली गेली आणि तिच्यात मुरलेल्या खेळाडूंची पात्रंसुद्धा पटापट मरतात, असं कळलं. मी जोखीम न घेणाऱ्या खातेदाराच्या आवाजात विरोध केला. ठरली ती गायगॅक्स यांचीच 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स', नवशिक्यांसाठीची. सरहद्दीवर एक गढी आणि जवळच राक्षसांनी भरलेल्या गुहा. आणि काय सांगू, त्या गढीत चक्क बँक आहे! तारणाशिवाय पाच मोहरांपर्यंत कर्ज, व्याज महिन्याला दहा टक्के. व्यवहार बघायला एक काटकुळा म्हातारा कारकून आणि तो कारकून मुळात जादूगार! मला गहिवरून आलं. आमच्या धंद्याचं इतकं खरं चित्र मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. मी तिथेच अर्धा तास रेंगाळलो. शेवटी मुलांनी मला ओढून गुहेत नेलं.

बरोबर मी पगारी मशालजी घेतला होता. तिसऱ्याच वळणावर भलाथोरला राक्षस आडवा आला. सूत्रधार झालेल्या भाच्याने दोन फासे टाकले. म्हणाला, "मशालजी पळाला नाही. उभा आहे."

"हे कुणी ठरवलं?"

"फाशांनी. राक्षसांना आणि पगारी माणसांना हिंमतीचा आकडा असतो, मामा. पगारी माणसाचा तर मालकाच्या छापेवरून ठरतो."

माझ्या सात गुणांच्या छापेवर तो बिचारा उभा होता! मी म्हटलं, "मग माझ्याही हिंमतीचे टाक."

"तुमचे नसतात. तुम्ही खेळाडू आहात. पळायचं की थांबायचं, ते तुम्हीच सांगायचं."

मी कागद उलटापालटा करून पाहिला. सहा रकाने होते, हिंमतीचा नव्हता.

आता एक जुनी गोष्ट सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या शाखेत एका संध्याकाळी रोकड जुळेना. संशय शिपायावर गेला. त्या दुपारी तो कॅशकडे फिरकलाच नव्हता. माझ्यासमोर बसून व्हाउचर लावत होता. साहेबांनी विचारलं, "कुणी काही पाहिलं का?" मी खातेवहीत मान घातली. प्रमोशनची मुलाखत पुढच्याच महिन्यात होती. चार दिवसांनी चूक बेरजेतच सापडली, पण ते चार दिवस त्याने कसे काढले हे मी कधी विचारलं नाही. स्वतःची समजूत मात्र पक्की घातली : नोकरदार माणूस, वरच्यांची छाप, स्वभावच भित्रा, फासेच तसे पडले. म्हणजे इतकी वर्षं मी स्वतःला मशालजी समजत होतो. आणि मशालजी तर उभा होता!

ताकद, बुद्धी, रूप ही ज्याची त्याला मिळतात. त्याबद्दल कुणाला जाब विचारता येत नाही. पण हिंमतही तशीच मिळते असं म्हणणं ही सोयीची नोंद आहे. 'शिस्त' मी शाईने लिहिली होती, ती कागदावर राहिली. माणूस ठरतो तो "तुम्ही काय करता?" या प्रश्नाशी, आणि तो प्रश्न दर वेळी नव्याने येतो.

"मामा, काय करताय?"

"थांबतो," मी म्हटलं.

राक्षसाच्या एका फटक्यात माझा योद्धा मेला. मशालजी सुटला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला काही फार शूर वाटलं नाही. कागदावरचं शौर्य स्वस्त असतं, हे हिशेबाच्या माणसाला कळतं. किंमत एक कागद.

भाच्याने नवा कोरा कागद पुढे केला. "कल काय लिहू?"

"पेन्सिलीने लिही," मी म्हटलं, "आणि जरा थांब. मला एक फोन करायचाय." तो शिपाई निवृत्त होऊन गावी गेलाय, नंबर युनियनच्या डायरीत आहे. डायरी काढून अर्धा तास झाला. ही म्हणते, "लावताय की फासे आणू?"