वायर काढल्यानंतर

अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर उभा करून दिला. गीता साराभाई, अतुल देसाई आदींचे त्यावरचे प्रयोग टेपांवर राहिले. त्यांतले काही २०२३ मध्ये प्रसिद्धही झाले. पण नाद राहिला म्हणजे जोडणी राहिली असे नाही. कोणती वायर कुठून कुठे, कोणते बटण किती फिरवले, हीच या यंत्रावरची रचना. वायर काढली की ती संपली. म्हणून जाणते वादक तिचा आराखडा कागदावर उतरवतात. तरी खोलीतली उष्णता बदलली की स्वर सरकतो, आणि बटणाचा केसभर फरक कागदाला कळत नाही.

मग पुन्हा घडवलेला नाद मूळ कर्त्याच्या नावाने ऐकवावा का? भातखंड्यांच्या स्वरलिपीवरून बंदीश म्हणणारा जुन्या गवयाचा गळा आणल्याचा दावा करत नाही. इथे तर पेच आणखी अवघड. दोन निराळ्या जोडण्यांतून कानाला सारखाच नाद येऊ शकतो. टेप ऐकून कुणी तो हुबेहूब मिळवला, तरी वाट तीच होती हे कशावरून? माझ्या मते त्याने कागदावर आपलेच नाव घालावे, खाली ‘अमक्यांच्या टेपेवरून’ असे लिहावे, आणि जिथे अंदाज केला तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करावे. पुढच्याला निदान तिथून शोध सुरू करता येईल.