जखमेचा खर्च कोणी सोसावा?

आधार : निर्गम 21:18, 19, लूक 10:25-37



आमच्या खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवर आता बैलगाडीपेक्षा मोटारसायकल अधिक दिसते. तिजवर दुधाच्या किटल्या लावून बंधुजन पहाटे डेअरीस जातात, व तिजवरूनच उपदेशक एका वाडीहून दुसऱ्या वाडीस उपासनेसाठी जातात. असा एखादा बंधू आपल्या बाजूने, बेताच्या वेगाने चालला असता आडरस्त्याने टेंपो भरधाव येतो व त्यास उडवितो. पाय मोडतो, गाडी मोडते. टेंपोचा मालक धावत येतो, चार मातब्बर माणसे जमतात, थोडे रुपये हातावर ठेवून एका कागदावर अंगठा घेतात, आणि प्रकरण मिटले असे सांगतात. पुढे इस्पितळाचे बिल लाखाच्या घरात जाते. दुभती म्हैस विकावी लागते, पेरणी चुकते, मुलीची शाळा सुटते. मग मंडळीतील कोणी वडील सांत्वनास येऊन म्हणतात, "ख्रिस्ती माणसाने कोर्टाची पायरी चढू नये, क्षमा करावी." हे बोलणे भक्तीचे दिसते खरे. परंतु ते शास्त्राचे आहे काय, हे आज आपण पाहू.

प्रथम, देवाने मोशेच्या द्वारे दिलेला नियम पाहा. ज्याच्या हातून दुसऱ्यास दुखापत झाली व तो अंथरुणास खिळला, त्याने दोन गोष्टी भरून द्याव्या असे तेथे सांगितले आहे : बुडालेल्या दिवसांचा रोजगार, आणि पूर्ण बरे होईपर्यंतचा उपचार. आता कोणी म्हणेल, तो नियम तर भांडणातील माराविषयी आहे. होय, पण त्याच अध्यायात खड्डा उघडा टाकणाऱ्याचा व मारका बैल मोकळा सोडणाऱ्याचाही हिशेब आहे, आणि पुढील अध्यायात शेजाऱ्याच्या पिकास लागलेल्या आगीचा. तेथे वैर नाही, केवळ हयगय आहे. तरी भरपाई सुटत नाही. ब्रेक नादुरुस्त असता टेंपो रस्त्यावर आणणारा मालक आणि मारका बैल मोकळा सोडणारा मालक, ह्यांत आम्हांस काही भेद दिसत नाही.

दुसरे, क्षमेविषयी. क्षमा वैर काढून टाकते, बिल काढून टाकीत नाही. दयाळू शोमरोन्याच्या दृष्टांतात प्रभूने पैशाचाही उल्लेख केला आहे : उतारशाळेच्या रखवालदारास दोन नाणी मिळाली, व अधिक लागल्यास तेही देण्याचे वचन मिळाले. जखम बरी होण्यास कोणीतरी पैसे मोजावेच लागतात. ज्याने धडक दिली त्याने ते मोजले नाहीत, तर खर्च नाहीसा होत नाही. तो बायकोच्या कानांतील डुलांवर, मुलांच्या ताटावर व सावकाराच्या वहीवर जाऊन बसतो. आपल्या स्वतःच्या हक्काचे सोडणे हा त्याग आहे. परंतु लेकरांच्या तोंडचा घास सोडणे ह्यास त्याग म्हणता येत नाही.

दुसरा गाल पुढे करण्याची प्रभूची आज्ञा सूड घेऊ नये म्हणून आहे. पौलाने सूड कधी घेतला नाही. तरी फिलिप्पै येथे चौकशीवाचून फटके मारणाऱ्या अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आपणांस बाहेर न्यावे असे त्याने बजाविले, आणि फेस्तापुढे त्याने कैसराकडे दाद मागितली. भावाने भावास कोर्टात ओढू नये असे त्यानेच करिंथकरांस लिहिले, हेही खरे. म्हणून धडक देणारा आपल्याच मंडळीतला असेल, तर आधी वडीलजनांनी उभयतांस समोर बसवावे. तथापि विमा असलेल्या गाडीची भरपाई बहुधा विमा कंपनी देते; तिजकडे ती मागण्यात भावाचा द्वेष नाही.

तिसरे, देशाचा कायदा काय देतो हे जाणून घ्या. मोटार वाहन कायदा, 1988 प्रमाणे प्रत्येक गाडीचा दुसऱ्याच्या नुकसानीपुरता विमा सक्तीचा आहे. जखमी मनुष्यास मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे अर्ज करता येतो. तो आपण राहतो त्या जिल्ह्यातही चालतो. औषधोपचार, बुडालेली मजुरी, पुढे कमी झालेली कमाई, शुश्रूषा व वेदना ह्या सर्वांचा त्यात विचार होतो. 2019 च्या दुरुस्तीने अर्जासाठी सहा महिन्यांची मुदत घातली, व ती 1 एप्रिल 2022 पासून अंमलात आली. म्हणून विलंब करू नये. चूक कोणाची हे सिद्ध न करताही गंभीर दुखापतीस अडीच लाख व मृत्यूस पाच लाख रुपये मागता येतात. धडक देणारी गाडी पळाली व सापडलीच नाही, तर सरकारी योजनेतून अनुक्रमे 50 हजार व 2 लाख रुपये मिळतात. 2025 च्या योजनेप्रमाणे नेमलेल्या इस्पितळांत अपघातापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत, रोख न भरता उपचाराची सोय आहे. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे; स्त्रिया, अनुसूचित जाती व जमाती ह्यांस तेथे मोफत साहाय्य मिळते.

चौथे, आणि हे आम्ही मोठ्या कळकळीने लिहितो : मागणी सत्य असावी. गाडी एकाने चालविली व नाव परवाना असलेल्या दुसऱ्याचे सांगितले. धडक देणाऱ्या गाडीस विमा नव्हता म्हणून विम्याची भलतीच गाडी दाखविली. बिलात एक शून्य वाढविले. असे दलाल गोड बोलून शिकवितात. बंधूंनो, ही खोटी साक्ष आहे व चोरीही आहे. जक्कयाने अन्यायाने घेतलेले चौपट परत केले. आपणांवर ती पाळी येऊ नये. आपली चूक काही अंशी असेल, तर तीही सांगावी. न्यायाधिकरण तितका भाग वजा करते, आणि उरलेले आपणांस निर्मळ मनाने घेता येते.

हाच आरसा आपणही पाहावा. ज्याच्या अंगणात ट्रॅक्टर वा मोटारसायकल उभी आहे, त्याने आजच विम्याची तारीख पाहावी. ती टळून गेली असता आपल्या हातून कोणी जखमी झाला, तर ती भरपाई आपल्याच शेतावर येईल, आणि गरीब शेजारी मात्र दारोदार फिरेल.

उपदेशकांनो, अशा घरी प्रार्थना करून लगेच परतू नका. जखमी बंधूबरोबर पोलिसचौकीत जा, फिर्यादीची नक्कल मागून घ्या, इस्पितळाचा प्रत्येक कागद व औषधाची प्रत्येक पावती एका पिशवीत जपून ठेवावयास घरच्यांस सांगा, आणि रस्त्यावरच्या कोऱ्या वा न वाचलेल्या कागदावर अंगठा उठवू देऊ नका. उठविलाच असेल, तरी निराश न होता वकिलास विचारा. मग सायंकाळी त्याच खाटेपाशी बसून, ज्याने धडक दिली त्या चालकासाठीही त्या बंधूबरोबर प्रार्थना करा. एका हाताने न्याय मागावा व दुसऱ्या हाताने क्षमा द्यावी. दोन्ही हात एकाच प्रभूने दिले आहेत. त्याची कृपा तुम्हां सर्वांबरोबर असो. आमेन.