मठाचे दार

जुन्या गोव्यात मोंते सांतो नावाच्या टेकडीवर दोन मठ शेजारी उभे होते: एक ऑगस्टिनियन संप्रदायातील पुरुषांचा, दुसरा त्याच संप्रदायातील संन्यासिनींचा. सांता मोनिका या दुसऱ्या मठाचे बांधकाम १६०६ साली सुरू झाले व १६२७ साली पूर्ण झाले. १६३६ च्या आगीनंतर तो पुन्हा उभारण्यात आला. पुढे १८३४ साली पोर्तुगालने धार्मिक संघ बरखास्त केले. पुरुषांना मठ सोडावे लागले. स्त्रियांना आहे तेथे राहू दिले, परंतु नव्या दीक्षेस मनाई झाली. सांता मोनिकातील शेवटची संन्यासिनी १८८५ साली वारली.

एकाच आज्ञेची फळे मात्र निरनिराळी झाली. शेजारच्या रिकाम्या मठाच्या चर्चचे छत १८४२ साली कोसळले, १९३१ साली मनोऱ्याचा अर्धा भाग ढासळला. आज तेथे भग्नावशेष आहेत. सांता मोनिकात काही काळ सैनिक राहिले आणि १९६४ पासून धर्मभगिनींच्या शिक्षणाची संस्था तेथे आली. पोर्तुगालमधील सांता मारिया दो बोरो या मठाचे मात्र वास्तुशिल्पी एदुआर्दो सौतो द मौरा यांनी हॉटेल केले. ते १९९७ साली पूर्ण झाले. ज्या भिंतींआड निर्धनतेचे व्रत पाळले जात होते, तेथे निवासाचे दर ठरले.

हा अधःपात म्हणावा काय? पडका मनोरा या प्रश्नाचे उत्तर सोपे राहू देत नाही. वापर सुटला की वास्तू मरते. पावसाळा कोणाच्याही पावित्र्याची भीड धरीत नाही. शिवाय मठाचा भूतकाळही निष्कलंक नव्हता. संन्यासिनींना प्रवेशासाठी हुंडा लागे, आणि प्रत्येक कन्या स्वेच्छेनेच तेथे आली असेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. तेव्हा त्यागाची जागा भोगाने भ्रष्ट केली, असा आक्रोश अपुरा पडतो.

तरीही काहीतरी खटकते. मठातील शांतता ही तेथे राहणाऱ्यांनी आयुष्य देऊन कमावलेली होती; हॉटेल ती शांतता विकते, तिची किंमत मात्र व्रताऐवजी पैशाने चुकती होते. पाहुणा एका रात्रीपुरता एकांत विकत घेतो आणि सकाळी निघून जातो. यात पाप नाही. पण ज्या वस्तूचे मोल एकाने दिले, ती दुसरा आपली म्हणून विकू लागला, तर त्याच्यावर ऋण उरते.

ते ऋण भिंतींची डागडुजी करून फिटत नाही. मठाच्या दारी उपाशी माणसाला भाकर मिळावी, वाटसरूला रात्रीचा आसरा मिळावा, हा मठजीवनाचा जुना धर्म होता. रूपांतराची खरी कसोटी येथे आहे. ज्या गावच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्या घंटेच्या नादावर दिवस मोजले, त्यांना एखाद्या सणाला, एखाद्या मर्तिकाला, काही न मोजता त्या अंगणात उभे राहता येते काय? येत असेल, तर मठाचा काही अंश तरी अजून तग धरून आहे. येत नसेल, तर मजबूत राहिलेल्या भिंतीही शेजारच्या पडक्या मनोऱ्याइतक्याच रित्या आहेत.