चेंडू नसतानाची धाव

हे सावकाश वाचा. एक परिच्छेद झाला की थोडं थांबा, श्वास त्याच्या गतीने येऊ-जाऊ द्या, मग पुढे चला. समोर एक मैदान आणा. नुकतं पाणी मारलेलं गवत, चुन्याने आखलेल्या रेषा, बावीस माणसं, एक चेंडू. डोळे आपोआप चेंडूकडे जातील. जाऊ द्या. मग त्यांना हलकेच तिथून काढा आणि मैदानाच्या मधोमध आणा. तिथे एक माणूस धावतो आहे. त्याच्यापाशी चेंडू नाही.

त्याचं नाव ॲरन रॅमसी. वेल्सचा. मधल्या फळीतला फुटबॉलपटू.

नव्वद मिनिटांच्या सामन्यात एका खेळाडूच्या पायाशी चेंडू असतो तो जेमतेम दोन-तीन मिनिटं. उरलेल्या वेळात तो जे करतो तोच त्याचा खरा खेळ. मधल्या फळीतल्या माणसाच्या बाबतीत तर हे शंभर टक्के खरं आहे. त्याची मान सतत वळत असते: डाव्या खांद्यावरून मागे, उजव्या खांद्यावरून मागे. आपले कुठे आहेत, समोरचे कुठे आहेत, मोकळी जागा कुठे पडते आहे. लग्नघरात एखादे काका स्वतः पानावर न बसता सगळ्या पंगतीवर नजर ठेवून असतात, कोणाच्या पानात काय संपलं ते न विचारता ओळखतात, तसं ते काम. फोटोत ते काका क्वचितच दिसतात.

आता त्या माणसाचं गाव पाहू. केअरफिली. वेल्सची राजधानी कार्डिफ, तिच्या उत्तरेला थोड्याच अंतरावर. मध्ये भलामोठा मध्ययुगीन किल्ला, भोवती पाणी, आणि एक बुरुज असा कललेला की आता पडेल असं वाटावं. तो शेकडो वर्षं तसाच उभा आहे. पलीकडे कोळशाच्या खाणींची खोरी. त्या खोऱ्यांमध्ये रग्बी हा खेळ घराघरात मुरलेला. रॅमसीही लहानपणी रग्बी खेळायचा, चांगला खेळायचा. शाळा वेल्श माध्यमाची. २६ डिसेंबर १९९० चा जन्म, आणि २८ एप्रिल २००७ रोजी, सोळा वर्षं चार महिन्यांचा असताना, कार्डिफ सिटीने त्याला हल सिटीविरुद्ध अगदी शेवटी बदली खेळाडू म्हणून उतरवलं. क्लबच्या इतिहासात इतक्या लहान वयात कोणी खेळलं नव्हतं. आधीचा विक्रम जॉन टोशॅकचा होता, जो पुढे वेल्सचा प्रशिक्षक झाला आणि ज्याने या मुलाला राष्ट्रीय संघात घेतलं.

जेमतेम वर्षभरानंतर तो एफए कपच्या अंतिम सामन्यात होता. १७ मे २००८, वेम्बली, समोर पोर्ट्समथ. कार्डिफ एका गोलने हरलं. ही तारीख मनात ठेवा, तिची पुन्हा गाठ पडणार आहे. त्याच उन्हाळ्यात आर्सेनलने त्याला लंडनला नेलं. मँचेस्टर युनायटेडलाही तो हवा होता.

इथे श्वासाकडे या. पुढचा भाग जड आहे, म्हणून तो हळू घेऊ.

२७ फेब्रुवारी २०१०. स्टोकचं मैदान. सामना एक-एक असा बरोबरीत, दुसरा डाव चालू. चेंडू मोकळा पडतो. रॅमसी, वय एकोणीस, त्याच्याकडे झेपावतो. समोरून स्टोकचा रायन शॉक्रॉस, वय बावीस, तोही झेपावतो. एकजण निमिषभर आधी पोहोचतो, दुसरा निमिषभर नंतर, आणि चेंडूच्या जागी पाय येतो. उजव्या पायाची, गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडली. जवळच्या खेळाडूंनी तोंडं फिरवली, काहींनी डोक्याला हात लावला. शॉक्रॉसला लाल कार्ड मिळालं. तो रडत बाहेर गेला.

बघा, आपलं मन इथे लगेच न्याय करायला बसतं. चूक कोणाची, शिक्षा किती. त्यावर वर्षानुवर्षं वाद झाले. रॅमसी पुढे त्या मैदानावर परत आला तेव्हा स्टोकचे प्रेक्षक त्याचीच हुर्यो उडवायचे, हे मला आजही समजत नाही आणि आवडत नाही. पण आत्ता आपण न्याय करायला बसलेलो नाही. आत्ता फक्त तुमचा स्वतःचा हात नडगीवर ठेवा. कातडीखाली लगेच हाड लागतं. तिथे मांसाचं संरक्षण जवळपास नाहीच. याच हाडावर उभं राहून आपण दिवसभर वावरतो, जिने चढतो, बस पकडतो, आणि त्याची आठवणही येत नाही. हात काही क्षण तिथेच राहू द्या.

हाड जुळायला जो वेळ लागतो तो लागतोच. पैसा असो, उत्तम डॉक्टर असोत, हाडाला घाई करता येत नाही. आधी पाय जमिनीला टेकवायचा नाही. मग थोडा भार. मग कुबडी सोडायची. मग चालणं, मग पळणं, मग वळणं. आणि सगळ्यात शेवटी ते, ज्याला क्ष-किरणाच्या चित्रात जागा नाही: मोकळ्या चेंडूकडे पुन्हा, न कचरता, पाय टाकणं. रॅमसीला मैदानावर यायला नऊ महिने लागले. आर्सेनलने त्याला आधी नॉटिंगहॅम फॉरेस्टकडे, मग पुन्हा कार्डिफकडे उसना पाठवला, पाय सरावावा म्हणून.

मार्च २०११ मध्ये वेल्सचे तेव्हाचे प्रशिक्षक गॅरी स्पीड यांनी त्याला कर्णधार केलं. वीस वर्षांचा कर्णधार, आणि पहिला सामना कार्डिफमध्ये इंग्लंडविरुद्ध. हरले. स्पीड स्वतः मधल्या फळीतले मोठे खेळाडू. ज्या मुलाच्या पायाबद्दल अजून खात्री नव्हती, त्याच्या दंडावर त्यांनी पट्टी बांधली. त्याच वर्षी २७ नोव्हेंबरला स्पीड गेले, बेचाळीसाव्या वर्षी. कर्णधारपद नंतर काढून ॲशली विल्यम्सकडे दिलं गेलं. रॅमसी खेळत राहिला. आर्सेनलमध्ये कधी उजव्या कडेला, कधी चक्क बचाव फळीत, आणि त्याचा पास चुकला की स्टेडियममधून नाराजीचा सूर यायचा. तो सूर मैदानातल्या माणसाला ऐकू जातो.

या काळावर थोडं अधिक थांबावंसं वाटतं, कारण इथे दाखवण्यासारखं काही घडत नाही. मोडलेला पाय ही बातमी होते, जिंकून देणारा गोल ही बातमी होते. मधली दोन-अडीच वर्षं कोणी लिहून ठेवत नाही. रोज सरावाला जायचं. सामन्यात तीस-चाळीस मीटर धावून पेनल्टी क्षेत्रात पोहोचायचं, पास येत नाही, वळायचं, तेवढंच अंतर धावत परत जागेवर यायचं. पाच मिनिटांनी पुन्हा. ती धाव ना गोलमध्ये मोजली जाते, ना पासमध्ये. तुमच्याही आयुष्यात अशी एखादी धाव चालू असेल. तिचं नाव आत्ता मनात घ्या. मनात घेतलंत की लगेच तिचं मोल ठरवू नका. ती चालू आहे, एवढंच पाहा.

२०१३-१४ चा मोसम आला आणि चेंडू येऊ लागला. रॅमसी गोलमागून गोल करत सुटला, सगळ्या स्पर्धा मिळून सोळा. नोव्हेंबरात आर्सेनल कार्डिफला खेळायला गेलं. त्याने आपल्या जुन्या क्लबविरुद्ध दोन गोल केले आणि दोन्ही वेळा आनंद दाखवला नाही. कार्डिफच्या प्रेक्षकांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. मग त्याच्या तेविसाव्या वाढदिवशी मांडीचा स्नायू दुखावला आणि तो कित्येक आठवडे बाहेर. शरीर असंच करतं, नेमकं तेव्हाच.

आणि आता १७ मे २०१४. कार्डिफच्या त्या पराभवाला बरोबर सहा वर्षं. तेच वेम्बली, तोच एफए कपचा अंतिम सामना, आणि समोर हल सिटी, ज्यांच्याविरुद्ध तो सोळाव्या वर्षी पहिल्यांदा उतरला होता. आर्सेनलने नऊ वर्षांत एकही मोठा चषक जिंकलेला नव्हता. पहिल्या आठ मिनिटांत हलचे दोन गोल. काझोर्लाने फ्री किकवर एक फेडला, दुसऱ्या डावात कोसिएल्नीने दुसरा. जादा वेळ सुरू झाला. भारतात मध्यरात्र होत आली होती. पुण्यामुंबईतले आर्सेनलचे पाठीराखे टीव्हीसमोर जागे होते.

१०९ वं मिनिट. याला अगदी संथ करू. पेनल्टी क्षेत्रात ऑलिव्हिए जिरू गोलकडे पाठ करून आहे. मागून एकजण धावत येतो आहे. जिरू त्याच्याकडे बघत नाही, बघायला वेळही नाही. तो टाचेने चेंडू मागे सोडतो, केवळ तिथे कोणीतरी पोहोचत असणार या भरवशावर. रॅमसी पोहोचतो. चेंडू थांबवत नाही. उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेने, पहिल्याच स्पर्शात, जमिनीलगत. गोलरक्षक मॅकग्रेगर झेपावतो, चेंडू त्याच्या बाजूने आत.

उजवा पाय. जो स्टोकला मोडला होता, तोच.

या क्षणाभोवती कथा गुंफायचा मोह होतो: दुःख सोसलं म्हणून फळ मिळालं. मला तसं म्हणायचं नाही. मोडलेली हाडं गोलाची किंमत म्हणून मोडत नाहीत, आणि किती जणांचे पाय मोडले ते परत आलेच नाहीत. मला एवढंच दिसतं की जिरूने चेंडू सोडला तेव्हा ती धाव आधीच सुरू झालेली होती. पास आल्यावर निघाला असता तर पोहोचला नसता. तीन वर्षांनी, २०१७ च्या अंतिम सामन्यात चेल्सीने बरोबरी साधली आणि अवघ्या तीन मिनिटांत जिरूचा क्रॉस आला, तेव्हाही गोलसमोर डोकं लावायला रॅमसी हजर होता. दोन अंतिम सामने, दोन निर्णायक गोल, दोन्हीकडे त्याला कोणी येताना पाहिलं नव्हतं.

आता एक वेगळी बैठक. २०१६ चा युरो चषक, फ्रान्स. १९५८ च्या विश्वचषकानंतर वेल्स पहिल्यांदाच मोठ्या स्पर्धेत. रशियाविरुद्ध पहिला गोल रॅमसीचा. उपांत्यपूर्व सामन्यात बेल्जियमला ३-१ असं हरवलं. विल्यम्सचा हेडर त्याच्या कॉर्नरवर, रॉब्सन-कानूचा तो अफाट गोल त्याच्या पासवर. आणि त्याच सामन्यात चेंडू हाताला लागला, पिवळं कार्ड. स्पर्धेतलं दुसरं. म्हणजे पुढच्या सामन्याला बंदी. वेल्सच्या इतिहासातली पहिली उपांत्य फेरी, लिऑनमध्ये पोर्तुगालविरुद्ध, आणि पाय धडधाकट असताना हा माणूस कडेला बसून. वेल्स ०-२ हरलं. स्पर्धेच्या सर्वोत्तम संघात त्याचं नाव आलं.

इथे डोळे मिटायचे असतील तर मिटा. पायात धाव आहे, जागा दिसते आहे, आणि उठायची मुभा नाही. आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्यांना हे माहीत आहे. परीक्षेच्या केंद्राबाहेर उभ्या असलेल्या आईबापांना माहीत आहे. काही करता येत नसताना नुसतं जागेवर राहणं फार दमवतं. त्या दमणुकीला तुमच्या शरीरात जिथे जागा असेल, खांद्यात, जबड्यात, तिथे थोडं सैल करा.

पुढचं झरझर सांगतो. युव्हेंटस, तुरिन, इटलीचं विजेतेपद, आणि सतत स्नायूंच्या दुखापती. नोव्हेंबर २०१९ मध्ये हंगेरीविरुद्ध दोन गोल करून त्याने वेल्सला पुन्हा युरोमध्ये नेलं, त्या पात्रता फेरीतला बहुतेक काळ बाहेर बसल्यानंतर. मे २०२२ मध्ये सेव्हिल, युरोपा लीगचा अंतिम सामना. तेव्हा तो रेंजर्सकडे होता; त्यांनी त्याला जादा वेळेच्या अखेरीला, पेनल्टीसाठी उतरवलं. दोन्ही संघांच्या सगळ्यांनी गोल केले, फक्त त्याचा फटका समोरच्या आइनट्राख्टचा गोलरक्षक ट्रॅपने अडवला. धावायला जागाच नव्हती त्या दिवशी. ठेवलेला चेंडू आणि समोर गोलरक्षक. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत तो कार्डिफमध्ये वेल्सकडून युक्रेनविरुद्ध मैदानात होता, आणि चौसष्ट वर्षांनी वेल्स विश्वचषकाला पात्र ठरलं.

२०२३ मध्ये तो कार्डिफ सिटीत परतला. एप्रिल २०२५ मध्ये क्लब गाळात, प्रशिक्षकाला काढलेलं, तीन सामने उरलेले. स्वतः दुखापतीमुळे खेळू शकत नसलेल्या रॅमसीने तीन सामन्यांपुरती प्रशिक्षकाची जबाबदारी घेतली. क्लब वाचला नाही. तिसऱ्या श्रेणीत घसरला, २००३ नंतर पहिल्यांदा. लहानपणीच्या क्लबची घसरण रेषेबाहेर उभं राहून पाहायची, हे त्याच्या वाट्याला आलं, आणि नाही म्हणायची सोय असताना त्याने ते घेतलं. माझ्या मनात त्याच्याविषयी सगळ्यात जास्त आदर आहे तो या तीन सामन्यांसाठी. वेम्बलीच्या गोलांपेक्षाही.

इथवर आलेल्या माणसाने थांबावं असं कोणालाही वाटलं असतं. त्या उन्हाळ्यात, चौतिसाव्या वर्षी, तो मेक्सिको सिटीला पूमासकडून खेळायला गेला. समुद्रसपाटीपासून दोन हजार दोनशे मीटर उंचीवरचं शहर. हवा विरळ, आणि एक धाव परत करायला छातीला जास्त वेळ लागतो.