कळणे आणि वळणे

मोटारसायकलच्या लायसन्ससाठी सरकार आधी आपल्याला कळतं का ते पाहतं: १५ प्रश्न, ९ बरोबर आले की पास. मग किमान ३० दिवसांनी वळतं का ते पाहतं: पाय न टेकता इंग्रजी आठ काढायचा. (मराठी ८ असता तर निम्मंच वळावं लागलं असतं!)

झेब्रा क्रॉसिंगवर माणूस दिसला तर परीक्षेत सगळेच थांबतात. हा ढोंगीपणा नव्हे हो. उत्तर देताना मागून कोणी हॉर्न वाजवत नसतं, इतकंच. रस्त्यावर मागचा 'काका, झोपलात काय?' म्हणतो आणि सद्गुणाचा क्लच सुटतो.

परवा लाल 'एल'ची पाटी मिरवत मी थांबलो, तर पलीकडच्या आजीच दोन पावलं मागे सरल्या.

"जा बाबा तू आधी," म्हणाल्या, "तुझा काय नेम!"