लांब पल्ल्याची गोळी

रायफलीत काडतूस कोणते भरावे, हा प्रश्न चकली-चिवड्याच्या बशीशेजारी मांडण्याजोगा नव्हे, हे मला मान्य आहे. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडची हौशी शिकार संपवली. आजोबांची दुनळी असलीच तर ती भिंतीवर असते आणि तिच्यावरची धूळ लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी झटकली जाते. पण ज्या देशांत शिकारीला अजून परवाना मिळतो, तेथे या एका प्रश्नावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले जातात. ते चाळताना मला नेहमी वाटत आले आहे की हा प्रश्न जितका कारागिराचा, तितकाच नीतीचा आहे. दूरच्या मोठ्या जनावरासाठी काडतूस निवडणारा माणूस खरोखर काय निवडत असतो?

काडतूस म्हणजे पितळेचे नळकांडे. बुडाशी ठिणगी देणारी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी गोळी. १९०६ साली अमेरिकेच्या सैन्याने स्वीकारलेले ‘थर्टी-ओ-सिक्स’ काडतूस पुढे शिकाऱ्यांचेही लाडके झाले. त्यात भरायची एक नेहमीची गोळी १८० ग्रेनची असते. १८० ग्रेन म्हणजे आपला बरोबर एक तोळा! सोनाराच्या काट्यावर ज्या वजनाकडे आपण डोळे लावून बसतो, तेवढेच हे शिसे-तांबे. ते नळीतून सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने सुटते, म्हणजे आवाजाच्या दुपटीहून जास्त. जवळचे जनावर बाराचा आवाज ऐकण्यापूर्वीच पडते. पाचशे मीटरांवर मात्र गोष्ट वेगळी. तेथे पोहोचायला याच गोळीला पाऊण सेकंदाच्या आसपास लागतो. तेवढ्यात ती नळीच्या रेषेपासून अडीच मीटरांच्या आसपास खाली येते, वाऱ्याने बाजूला ढळते, आणि तिची निम्मीही शक्ती उरत नाही. पाऊण सेकंदात हरीण एक पाऊल टाकते. काळजावर धरलेला नेम पोटात जायला तेवढे पाऊल पुरते.

यावर कारखानदारांचे उत्तर ठरलेले: नळकांडे मोठे करा, दारू वाढवा. १९१२ मध्ये हॉलंड अँड हॉलंडने ३७५ मॅग्नम काढले; १९६३ मध्ये विंचेस्टरने ३०० मॅग्नम. पण मोठ्या काडतुसाचा धक्का खांद्यालाही मोठा बसतो, आणि धक्क्याला भिणारा माणूस घोडा ओढताना डोळे मिटतो. उलट डब्ल्यू. डी. एम. बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने सात मिलिमीटरच्या लहानशा गोळीने आफ्रिकेत शेकडो हत्ती मारले, कारण हत्तीच्या कवटीत मेंदू नेमका कोठे असतो हे त्याला ठाऊक होते आणि तो जवळ जात असे. त्याच्या सगळ्या हत्तींची संख्या हजाराच्या वर जाते. नेम अचूक असला म्हणून हजार हत्ती मारणे चांगले ठरते, असे मात्र कोणी मला पटवू शकणार नाही.

गोळीचे टोक मऊ असावे की कठीण, या वादात तर नीतीची मोठी गंमत आहे. मऊ टोकाची गोळी अंगात शिरताच फुलून पसरते आणि भयंकर जखम करते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात अशी गोळी लष्करासाठी तयार झाली, आणि १८९९ साली हेगच्या परिषदेने युद्धात तिला मनाई केली. कारण ती क्रूर. शिकारीच्या आचारात मात्र हरणासाठी हीच गोळी योग्य मानतात, कारण येथे तीच दयाळू! विसंगती वाटते, पण नाही. युद्धात शत्रूचा सैनिक लढाईतून बाद झाला की काम भागते. पुढे त्याला डोलीवाले आहेत, दवाखाना आहे, घरी परतण्याची आशा आहे. जखमी हरणाला यातले काहीच नाही. त्याच्याशी वैर नाही, म्हणूनच त्याला अर्धवट सोडता येत नाही.

लांबून मारणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, तुमच्या जुन्या शिकारीत हाका घालायचे, डबे-ढोल बडवायचे, जनावर तासभर भीतीने सैरावैरा धावायचे. आम्ही समोरच्या डोंगरावरून मारतो, तेव्हा ते निवांत चरत असते. त्याला कळतही नाही. हे म्हणणे खोटे नाही. गोळी जेथे लागायची तेथे लागली, तर यापेक्षा सुखाचे मरण जंगलात क्वचितच येत असेल. प्रश्न न लागलेल्या गोळीचा आहे. मध्ये नाला, काट्यांचे रान, उतरती संध्याकाळ. जनावर खरोखर कोठे उभे होते, रक्त सांडले की नाही, हे तेथे जाऊन पाहायचे. गोळीने पाऊण सेकंदात कापलेल्या वाटेला माणसाला तास लागतो. ‘बहुधा चुकलीच’ असे म्हणून परत फिरायला किती सोपे!

आणि परत फिरल्यावर काय होते? चंपावतच्या वाघिणीने नेपाळात आणि कुमाऊंत मिळून ४३६ माणसे मारली, असे सांगतात. १९०७ साली जिम कॉर्बेटने तिला मारले. तिच्या तोंडात उजवीकडचे दोन्ही सुळे तुटलेले होते. वरचा अर्धा, खालचा पार हाडापर्यंत. जुन्या गोळीची ही करणी, आणि त्यामुळेच नेहमीचे भक्ष्य मारता न येऊन ती माणसांकडे वळली, असे त्याने लिहून ठेवले आहे. ती गोळी झाडणारा आपल्या घरी गेला असेल, ‘थोडक्यात हुकली’ असे त्याने चार मित्रांना सांगितलेही असेल. हुकलेल्या त्या नेमाची किंमत मोजली ती गवताला आणि लाकूडफाट्याला गेलेल्या डोंगरातल्या बायकांनी.

आता आपल्या जिल्ह्यातले पाहा. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रासच्या फौजेतला जॉन स्मिथ हा अधिकारी वाघाच्या शिकारीसाठी अजिंठ्याच्या रानात आला, आणि वाघूर नदीच्या दरीपलीकडे त्याला लेण्याची कमान दिसली. हातात त्या काळची ठासणीची बंदूक. तिच्यावर भरवसा ठेवायचा तो शंभर पावलांच्या आत. आजचे मॅग्नम हाती असते, तर त्याला ती दरी ओलांडायची गरज पडली असती का, अशी एक खोडसाळ शंका माझ्या मनात येते. तो ओलांडून आला आणि दहाव्या लेण्यातल्या खांबावर, चित्राच्या अंगावरच, त्याने आपले नाव व तारीख कोरली. खाली राडारोडा साचलेला असल्याने ते नाव आज डोक्याच्या वर आहे.

त्याच लेण्याच्या भिंतीवर शिकारीच्या दोन जातककथा आहेत. एक श्यामाची. आंधळ्या आईबापांसाठी पाणी भरणारा हा मुलगा वाराणसीच्या राजाला नदीकाठी दिसतो. हा देव की नाग, राजाला कळेना. जवळ जावे तर नाहीसा होईल. तेव्हा आधी जायबंदी करू, मग विचारू, असे ठरवून तो विषारी बाण सोडतो. आपल्या श्रावणबाळाचीच ही दुसरी तऱ्हा. दशरथाला दिसले नव्हते, त्याने आवाजावर बाण मारला. याला दिसत होते, आणि तरी मारला. मात्र बाण जितका दूर गेला तितके दोन्ही राजे चालत गेले, आणि तेथून पुढे त्या आंधळ्यांच्या दारापर्यंतही. दोघांच्याही कथेत मला बाणापेक्षा हे चालणे मोठे वाटते. काडतुसाचा पल्ला ग्रंथात छापलेला असतो. माणसाचा पल्ला या चालण्याने ठरतो.

दुसरी कथा छद्दंताची, म्हणजे सहा सुळ्यांच्या गजराजाची. पूर्वजन्मीचा मत्सर मनात ठेवून काशीची राणी त्याचे सुळे मागते. पारधी हिमालयात जातो, खड्ड्यात लपतो, भगवे वस्त्र पांघरून बाण मारतो. हत्ती ते वस्त्र पाहून त्याला सोडतो, वर सुळे कापायला मदत करतो. चित्रात सुळे राजवाड्यात आले आहेत आणि राणीला मूर्च्छा आली आहे. कथेतल्या सगळ्यांत लांबचा नेम तिचा होता. काशीत बसून तिने हिमालयातला हत्ती मारला. सुळे तबकात दिसेपर्यंत तिला आपण काय केले ते दिसले नाही. यात्रेकरू बहुधा स्मिथचे नाव शोधतात आणि तिला न पाहता बाहेर पडतात.

कायदा झाला तरी प्रश्न आपल्या रानातून गेलेला नाही. गौताळ्याच्या जंगलालगतच्या शेतकऱ्याला एका रात्रीत रोही हरभरा साफ करून दाखवतात आणि रानडुकरे मका आडवा करतात. अशा जनावरांना मारण्याची लेखी परवानगी कायदा देऊ शकतो. हे त्या शेतकऱ्याचे व्यसन नव्हे. मनूने राजाच्या व्यसनांत जिला पहिले स्थान दिले, ती मृगया वेगळी. त्याला काडतूस कोणते हवे, हे विचारायला मला मुळीच संकोच वाटत नाही. उलट ते कोणी विचारत नाही याचे नवल वाटते. राखणीला असते ती बहुधा बारा बोअरची बंदूक, आणि तिच्यात मिळतील ते बारीक छर्रे. अंधारात, बॅटरीच्या उजेडात बार निघतो. छर्रे डुकराच्या कातड्यात शिरतात, पण ते मरत नाही. ते बांध ओलांडून दुसऱ्याच्या कपाशीत जाऊन बसते. आणि दिवाळीच्या सुमाराला त्या कपाशीत, दिवस उजाडताच, बाया वेचणीला येतात.