प्याला कशासाठी?



आपल्या धर्मग्रामातील एक भाऊ-बहीण मिस्सानंतर आम्हाला भेटले. (दोघांच्या परवानगीने लिहीत आहोत.) त्यांच्या घरी आजोबांनी बोटीवरून आणलेला चिनी मातीचा जुना प्याला आहे. "राजदरबारचा असावा," असे कुणीतरी सांगितले आणि घरात वाद पेटला. भावाला तो विकून आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन करायचे आहे. बहीण म्हणते, आजोबांची आठवण विकणे पाप आहे.

प्याला राजाचा आहे की बाजारातला, हे जाणकार सांगतील. खऱ्या राजदरबारी प्याल्याचे काय होते, ते मात्र ८ एप्रिल २०१४ रोजी हाँगकाँगच्या लिलावात दिसले. पंधराव्या शतकातील चेंगह्वा बादशहाच्या काळचा, जेमतेम आठ सेंटिमीटर रुंदीचा प्याला. त्यावर कोंबडा, कोंबडी आणि पिल्ले रंगवलेली. किंमत आली २८ कोटी हाँगकाँग डॉलरहून अधिक, म्हणजे तेव्हाचे आपले दोनशे कोटींच्या वर रुपये. घेणारे लिऊ यिचिएन एकेकाळी टॅक्सी चालवत. त्यांनी त्या प्याल्यातून चहा घेतला आणि केवढा गहजब झाला!

आम्हाला त्या चहात काही गैर दिसत नाही. सेमिनरीत ॲरिस्टॉटल शिकलो, तो म्हणतो की जोडा पायात घालता येतो, तसा बदल्यात देताही येतो. पण तो केला जातो पायासाठी. काचेच्या कपाटात बसल्यावर प्याल्याचे पहिले काम संपते आणि उरते फक्त किंमत.

मग मौल्यवान वस्तू विकूनच टाकावी काय? चौथ्या शतकात संत अँब्रोज यांनी युद्धकैद्यांना सोडवण्यासाठी चर्चची पवित्र भांडी वितळवली. टीका झाली, तरी ते मागे हटले नाहीत. (आज आम्ही असे परस्पर करू शकत नाही. ऐतिहासिक किंवा कलात्मक मोलाची वस्तू विकायला धर्मसभेच्या कायद्याप्रमाणे रोमची परवानगी लागते.) पण बेथानीला मरियेने प्रभूच्या चरणांना सुगंधी तेल लावले, तेव्हा ते विकून गरिबांना का दिले नाही, असे विचारणारा यहूदा होता, हेही विसरता येत नाही. प्रभूने मरियेची बाजू घेतली. म्हणजे विकणे हे आपोआप पुण्य नाही आणि जपणे हे आपोआप प्रेम नाही. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांनी जमवलेली चिनी भांडी त्यांच्या निधनानंतर मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आली. आज शाळेची पोरे ती पाहतात. तेही जपणेच, पण दार उघडे ठेवून.

त्या दोघांना आम्ही एकच विचारले, "आईला विचारलेत का?" दोघे एकमेकांकडे बघत राहिले.

पहिल्या शुक्रवारी कम्युनियन घेऊन आम्ही त्यांच्या घरी गेलो. विषय निघाला. आई म्हणाल्या, "फादर, चाळीस वर्षं तो कप मी पुसते. कुणी त्यात पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. आधी मला एकदा त्यात चहा द्या, मग काय ते करा."

मुलीने चहा केला. प्याला विकायचा की नाही, हे अजून ठरलेले नाही.